चढावरची मुरमाची वाट : मिनी ट्रॅक्टरने केलेल्या सपाटीकरणाचे एक प्रकरण

ज्योतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी, पन्हाळा तालुक्यात, माझ्या मावशीचे घर शेतातच आहे. डांबरी रस्त्यापासून तिच्या अंगणापर्यंत जाणारी वाट १६० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असून तिचे तीन भाग पडतात. खालचा ६० मीटरचा भाग जवळजवळ सपाट आहे, पण तो काळ्या मातीवरून जातो. मधला ७० मीटरचा भाग तांबूस मुरमाच्या उतारावर आहे आणि तिथे दर १०० मीटरला ८ मीटर असा खडा चढ आहे. वरचे ३० मीटर फाटकापासून अंगणापर्यंत सपाट जातात. घरात दोन म्हशी आहेत, त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळी दुधाची किटली याच वाटेने खाली दूध संस्थेपर्यंत जाते, आणि गळीत हंगामात मागच्या शिवारातला ऊसही याच वाटेने बाहेर पडतो. ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेला महापूर आला, त्या पावसात मधल्या चढावर गुडघाभर खोल घळ पडली होती. ती बुजवली गेली, पण त्यानंतर वाट कधीच धड राहिली नाही.

काका दरवर्षी उन्हाळ्यात ३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) खडी टाकून घेत असत. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत सांगतो : "आरं, दरवर्षी खडी टाकतोय, आन् दरवर्षी ती खालच्या मोडावर जाऊन बसत्या." या एका वाक्यात संपूर्ण प्रकरण सामावलेले होते, परंतु ते माझ्या ध्यानात यायला एक पावसाळा आणि एक फसलेला प्रयत्न खर्ची पडला. आमच्याकडे २४ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आहे आणि त्यामागे लावायचा ४ फुटी ब्लेड, म्हणजे माती खरवडून सारखी करणारे आडवे पाते, आहे. एवढी साधने हाताशी असताना वाट सारखी करणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, अशी माझी समजूत होती.

पहिला प्रयत्न मी मार्चमध्ये केला. वाट वाळून दगडासारखी टणक झालेली होती. काकांनी आणलेली ४० मिलिमीटरची खडी आम्ही खड्ड्यांत भरली, वरून ब्लेड फिरवला आणि संध्याकाळी वाट खरोखरच छान दिसली. दहा दिवसांत खडी खड्ड्यांतून उसळून दोन्ही काठांना गेली. एकाच मापाची खडी कितीही धारदार असली तरी तिच्या फटी भरणारे बारीक द्रव्य नसेल तर ती एकमेकीला धरून ठेवत नाही. चाक आले की ती गोट्यांसारखी सरकते. शिवाय टणक कडा असलेल्या खड्ड्यात सुटा माल भरला की तो माल त्या खड्ड्याचा भाग होतच नाही. चाकाचा हादरा आणि पाणी मिळून त्याला बाहेर काढतात आणि मूळचा खड्डा, तोच आकार आणि तीच कड घेऊन, पुन्हा उघडा पडतो.

त्याहून वाईट म्हणजे जिथे खड्डे नव्हते तिथे ब्लेडने नव्या लाटा उमटवल्या होत्या. यामागचे कारण मी नंतर शांतपणे मोजून पाहिले. आमच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर सुमारे दीड मीटर आहे आणि ब्लेड मागच्या आसापासून साधारण एक मीटर मागे असतो. पुढची चाके ३ सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती कलतो आणि ब्लेड सुमारे २ सेंटिमीटर खाली जाऊन जमीन कापतो. थोड्या वेळाने मागची चाके त्याच उंचवट्यावर येतात, तेव्हा ब्लेड जवळपास ५ सेंटिमीटर वर उचलला जातो आणि कापलेला माल तिथेच सोडून देतो. म्हणजे जमिनीतला लहानसा चढउतार पुसण्याऐवजी ट्रॅक्टर तो मोठा करून मागे लिहीत जातो, आणि पुढच्या फेरीत चाके त्या नव्या लाटेवर चढतात. चालक कितीही कसलेला असला तरी हायड्रॉलिकचा, म्हणजे अवजार उचलणाऱ्या यंत्रणेचा, दांडा सतत वरखाली करून ही चूक पूर्ण झाकता येत नाही. हा अवजाराच्या रचनेचाच दोष आहे.

जुलैत मुसळधार पाऊस सुरू असताना मी छत्री घेऊन चढाच्या मध्यावर पाऊण तास उभा राहिलो. या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडलेला वेळ तोच, असे मी आजही मानतो. गोठ्याच्या पन्हाळीचे आणि अंगणाचे पाणी फाटकापाशी एकत्र येत होते आणि डाव्या चाकोरीत शिरत होते. सुरुवातीला त्या पाण्याबरोबर फक्त तांबडा गाळ वाहत होता, म्हणजे खडीला धरून ठेवणारे बारीक द्रव्य आधी जात होते. पंधरा-वीस मीटर खाली पाण्याला जोर आला आणि सुपारीएवढे खडे एकमेकांवर आपटत खाली जाऊ लागले. मी कडुलिंबाची एक काडी चाकोरीत टाकली आणि तिच्याबरोबर चालू लागलो. ती ४० मीटर गेली, पण एकदाही वाटेच्या काठाकडे वळली नाही. वळणार तरी कशी? दोन्ही काठांवर वर्षानुवर्षे फेकल्या गेलेल्या खडीमुरमाचा आणि त्यात रुजलेल्या गवताचा १० सेंटिमीटर उंच वरंबा तयार झाला होता. बाजूला चर होती, ती कोरडी होती, आणि पाणी वाटेवरूनच वाहत होते.

उताराच्या वाटेवर पाणी किती वेळ रेंगाळते याचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येक शेतकऱ्याने एकदा करून पाहावा असे मला मनापासून वाटते. वाटेचा मधला भाग उंच आणि दोन्ही कडा खाली, अशी कासवपाठ असली की पाणी मध्यापासून काठाकडे जाते. अभियंते तिला कॅम्बर म्हणतात. आमच्या वाटेची अर्धी रुंदी दीड मीटर आहे. आडवा उतार शेकडा १ असेल आणि उभा उतार शेकडा ८ असेल, तर दीड मीटर बाजूला सरकेपर्यंत पाणी १२ मीटर खाली धावते. आडवा उतार शेकडा ४ केला तर तेच पाणी ३ मीटरमध्ये चरीत पडते. १२ मीटरच्या धावेत पाण्याला खडा हलवण्याइतका जोर येतो, ३ मीटरमध्ये येत नाही. आणि चाकोरी पडलेली असेल तर आडवा उतार उरतच नाही, पाणी थेट तळापर्यंत जाते. काकांनी इतकी वर्षे पैसे खर्चून जो माल आणला तो निकृष्ट नव्हता. वाटेला आकार नव्हता.

दुसरा प्रयत्न पुढच्या मे महिन्यात, वळीव पडून गेल्यावर, तिसऱ्या दिवशी सुरू केला. ही वेळ मुद्दाम निवडली होती. कोरड्या मुरमाची भुकटी होऊन उडून जाते आणि दाबला तरी तो बसत नाही. फार ओला असेल तर चाकाला चिकटून वर येतो. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, तळहात ओलसर लागावा पण बोटांतून पाणी निघू नये, आणि गोळा खाली टाकला की दोन-तीन तुकड्यांत फुटावा, एवढी ओल कामाला योग्य असते. कोल्हापूर भागात वळीव ही ओल फुकट देऊन जातो. ती संधी गेली की टँकरच्या पाण्याने तसाच परिणाम साधणे महागाचे आणि अपुरे ठरते.

मधल्या काळात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यातून एक नवे अवजार करून घेतले होते. १.८ मीटर लांबीच्या दोन जाड लोखंडी पट्ट्या घसरणीसारख्या जमिनीवर टेकतात आणि त्यांच्या मधोमध, एकामागे एक, १.२ मीटर रुंदीची दोन पाती थोडी तिरकी बसवलेली असतात. पात्यांची धार घसरणीच्या तळापेक्षा फक्त १२ मिलिमीटर खाली ठेवली आहे. जुन्या काळी बैलांमागे फळी धरून वाफे सारखे करत, त्याच तत्त्वावर हे चालते : लांब घसरणी खड्ड्यावरून पुलासारखी जाते, त्यामुळे पाते खड्ड्यात उतरत नाही, उंचवटा मात्र त्याच्या धारेत सापडतो, कापलेला माल दोन पात्यांमध्ये घोळत पुढे येतो आणि खड्डा आला की आपोआप त्यात पडतो. ट्रॅक्टर कलला तरी त्याचा झोल अवजाराला लागू नये म्हणून टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या वरच्या दांडीच्या, पिनेसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवली, आणि काम करताना हायड्रॉलिक पूर्ण खाली सोडून दिले. पाती नटबोल्टने बसवली आहेत, कारण मुरमात धार लवकर झिजते आणि झिजलेले पाते उलटे करून पुन्हा वापरता येते.

तरीही या अवजाराला टणक वाट फोडता येत नाही. ते काम कल्टिवेटरने, म्हणजे जमीन उकरणाऱ्या फणांच्या अवजाराने, केले. पाच फणांपैकी दोन काढून टाकले, कारण २४ अश्वशक्तीला तीनच फण पुरेशा खोलीवर ओढवतात, आणि पुढची चाके उचलली जाऊ नयेत म्हणून पुढे वजने लावली. सर्वांत खोल खड्डा ९ सेंटिमीटरचा होता. तेव्हा त्याच्या आसपासची वाट १० सेंटिमीटरपर्यंत उकरली आणि बाकीची त्या मानाने कमी. खड्ड्याची कड तळापर्यंत फुटून नाहीशी झाली पाहिजे, हा नियम मी या वेळी कुठेही मोडला नाही. काही ठिकाणी चार-चार फेऱ्या लागल्या. काका बांधावर उभे राहून पाहत होते. होती नव्हती ती वाटही मी उकरून टाकतो आहे, अशी काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तीच वाटली असती.

त्यानंतर काठांचे वरंबे आत घेतले. आधी फावड्याने गवताचे गड्डे मुळांसकट काढून बांधावर टाकले. या कामाला दोन माणसांचा एक पूर्ण दिवस गेला, पण तो टाळता येण्यासारखा नव्हता, कारण मुळे आणि कुजकी माती वाटेत मिसळली की ती जागा पावसात भुसभुशीत होते आणि चाक तिथेच रुतते. मग साधा ब्लेड सुमारे ३० अंशांत तिरका लावून काठाचा माल मध्याकडे ओढला. १६० मीटर लांबीच्या दोन्ही वरंब्यांतून सव्वादोन ब्रासच्या आसपास माल निघाला, आणि त्यात काकांनी गेल्या काही वर्षांत विकत घेतलेली खडी होती. वाटेवर सर्वत्र ५ सेंटिमीटरचा नवा थर द्यायचा म्हटला असता तर साडेआठ ब्रास लागले असते. आम्ही फक्त ४ ब्रास नवा माल आणला : २ ब्रास मुरूम, आणि २ ब्रास क्रशरची मिश्र खडी, जिच्यात २० मिलिमीटरच्या खड्यापासून कच आणि भुकटीपर्यंत सर्व मापे होती. मुरूम घेताना गौण खनिजाच्या (मुरूम, खडी यांसारख्या मालाच्या) परवान्याची पावती मागून घेतली. मुरूम निवडताना एक दक्षता घ्यावी लागते : त्यात चिकण माती जास्त असेल तर उन्हाळ्यात तो सिमेंटसारखा वाटतो आणि पावसाळ्यात साबणासारखा निसरडा होतो. मावशी याच चढावर एकदा किटलीसकट घसरली होती, म्हणून ही गोष्ट मी फार काटेकोरपणे तपासली.

कासवपाठ डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही. दीड मीटरच्या सरळ फळीच्या एका टोकाखाली ६ सेंटिमीटर उंचीचा ठोकळा खिळ्यांनी ठोकला आणि फळीवर पाणसळ, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची नळी, ठेवली. ठोकळ्याचे टोक काठावर आणि मोकळे टोक वाटेच्या मध्यावर टेकवले असता बुडबुडा मध्ये आला, तर आडवा उतार बरोबर शेकडा ४ झाला. ट्रॅक्टरच्या उजव्या लिफ्टआर्मची (अवजार उचलणाऱ्या हाताची) दांडी फिरवून ब्लेडची काठाकडची बाजू खाली घेतली आणि एका बाजूने चढत, दुसऱ्या बाजूने उतरत, मालाला मध्याकडे ढकलत गेलो. पहिला लो गिअर आणि चालण्याच्या वेगाहून कमी वेग ठेवला. वेग वाढवला की ब्लेड उड्या मारतो आणि लाटा परत येतात. खालच्या लिंकांच्या साखळ्या ताणून घेतल्या होत्या, नाहीतर तिरका ब्लेड कडेला सरकतो. ब्लेडने माल मागे ढकलण्याचा मोह होतो, विशेषतः फाटकापाशी जागा अपुरी असताना, पण ट्रॅक्टरची तीन-बिंदू जोडणी (वरची एक आणि खालच्या दोन लिंका) ओढण्यासाठी बनलेली आहे. जोरात मागे रेटले की लिंक वाकतात किंवा पिना तुटतात. त्या कोपऱ्यातले काम आम्ही फावड्याने केले. दर ५ मीटरवर फळी लावून पाहिली आणि शेवटी लांब घसरणीचे अवजार तीन वेळा फिरवून पृष्ठभाग एकसारखा केला.

दाबण्यासाठी रोलर भाड्याने आणला नाही. मुरूम आणि खडी घेऊन येणारा शेजाऱ्यांचा मोठा ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्याच खेपांचा उपयोग केला : प्रत्येक खेपेला चाकाची रेघ एक टायरभर बाजूला सरकवायची, म्हणजे कुठेही नवी चाकोरी न पडता संपूर्ण रुंदी दाबली जाते. सुटा थर ७-८ सेंटिमीटरपेक्षा जाड कुठेच ठेवला नाही, कारण त्याहून जाड थराचा फक्त वरचा पापुद्रा बसतो. कडा धुमसाने, म्हणजे माती ठोकायच्या जड हातअवजाराने, ठोकल्या.

पाणी बाहेर काढायचे म्हटले की ते कोणाच्या तरी हद्दीत जाते, आणि या प्रकरणातला सर्वांत नाजूक भाग हाच होता. वाटेच्या डाव्या हाताला भावकीतल्या थोरल्या दादांचे शेत आहे. पूर्वी चाकोरीतून आलेला लोंढा मोडावर त्यांच्या बांधाला धडकायचा आणि दरवर्षी बांध फोडायचा. काठाचे वरंबे काढणार म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला, आणि त्यांचा नकार रास्त होता. काकांनी त्यांना फळी आणि पाणसळ घेऊन चढावर नेले. मी हिशेब मांडला : चढाच्या डाव्या अर्ध्या भागावर पडणारे पाणी जेमतेम १०५ चौरस मीटरचे आहे, १० मिलिमीटर पावसात ते सुमारे हजार लिटर होते, आणि ७० मीटर लांबीवर पसरून उतरले तर ते गवतातच जिरते. बांध फोडणारे पाणी अंगण आणि गोठ्याचे होते. ते फाटकापाशीच अडवून उजव्या चरीत वळवू आणि मोडावर पाइपातून ओघळीत सोडू. दादा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पसरून येऊ दे, माझी ना नाही. एका जागी आणू नका." त्यांच्या या अटीत जलनिस्सारणाचे जे तत्त्व आहे, त्याहून नेमके मला सांगता येणार नाही. मोडावर ३०० मिलिमीटर व्यासाचा एनपी-३ प्रकारचा ह्यूम पाइप (वाहनांचा भार सोसणारा सिमेंट काँक्रीटचा पाइप) टाकला, उसाच्या ट्रॉलीचे वजन थेट त्यावर येऊ नये म्हणून वर ३० सेंटिमीटर मुरूम दाबला आणि पाइपाच्या तोंडाशी दगड रचून ठेवले.

जून-जुलैच्या पावसात चढाचा भाग टिकला. मी पुन्हा त्याच जागी छत्री घेऊन उभा राहिलो. वाटेवरून पातळ पडद्यासारखे पाणी तिरके सरकत होते आणि उजव्या चरीत मात्र चांगला प्रवाह होता. पण दोन ठिकाणी काम कमी पडले. फाटकाच्या वळणावर, जिथे दुचाक्या ब्रेक लावतात आणि पुन्हा जोर देऊन चढतात, तिथे ऑगस्टपर्यंत पत्र्यासारख्या लहान लाटा उठल्या. सप्टेंबरच्या उघडिपीत, ओल असतानाच, लांब अवजाराच्या दोन फेऱ्यांत त्या गेल्या. खालच्या काळ्या मातीच्या भागातला दोष अधिक खोल आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, मऊ होते आणि चाकाच्या भाराखाली मुरूम गिळून घेते. तिथे चाकोऱ्या ४ सेंटिमीटर खचल्या. तिथे वरून कितीही सपाटी केली तरी ती तात्पुरतीच राहणार, हे मला आधीच ओळखता यायला हवे होते. उसाची वाहतूक सुरू होण्यापूर्वी त्या ६० मीटरपैकी निम्म्या भागाची माती काढून डबराचे सोलिंग केले, म्हणजे मोठे दगड रचून पाया घातला, त्यावर मुरूम दिला, आणि उरलेला भाग पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवला.

ती ठोकळ्याची फळी आता गोठ्यात खुंटीला टांगलेली असते. मोठा पाऊस होऊन गेला की काका ती चढावर तीन ठरावीक जागी लावतात आणि उंची गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवतात. सुरुवातीचे ६० मिलिमीटर पावसाळ्याच्या शेवटी ५२, ४९ आणि ५१ झाले होते. यांपैकी कोणताही आकडा ४०च्या खाली गेला, की वळीवाची वाट पाहून काठचा माल पुन्हा मध्ये ओढायचा, असे आम्ही ठरवले आहे. यंदा काकांनी खडी मागवली नाही.